खाडीचे बुडबुडे मोजाल?

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलात की धरमतरची खाडी लागते. ओहोटीला चिखलातून बुडबुडे येताना दिसले तर जरा थांबा, दोस्तांनो. तो मिथेन असू शकतो! प्राणवायू नसलेल्या गाळात पालापाचोळा कुजला की सूक्ष्मजीव तो बनवतात. पाण्याचा दाब घटला की तो सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रतळातही असा वायू ध्वनिलहरींनी टिपलाय.

खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटच्या जोरावर काही सूक्ष्मजीव बराचसा मिथेन वाटेतच फस्त करतात. पण आपण सांडपाणी, कचरा जितका ओतू, तितका हा पहारा तोकडा पडणार. कॉलेज प्रोजेक्टला विषय हवाय? काठावरूनच बुडबुडे मोजा, ओहोटीची वेळ लिहा. आणि कचरा कुठून येतो, तेही विचारा.