बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी

जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलांगला बर्फ पाहायला अनेक कुटुंबे जातात. भाड्याचे कोट आणि गंबूट चढवून फोटो काढून झाले, की मुलांना स्कीइंगचा मोह होतो आणि त्यांच्या पाठोपाठ आईबाबाही उतारावर उभे राहतात. हा आनंद जरूर घ्यावा. पण त्याची तयारी मात्र घरूनच सुरू करावी.

स्कीइंगमध्ये गुडघ्याला सर्वांत जास्त धोका असतो. स्की बर्फात अडकते, शरीर दुसरीकडे वळते आणि सारा पीळ गुडघ्यावर येतो. मांड्या बळकट असतील तर गुडघ्याला आधार मिळतो. म्हणून सहलीच्या महिनाभर आधीपासून रोज जिने चढा, उठाबशा काढा.

भाड्याचे सामान घेताना घाई करू नका. बुटात टाच उचलली जाता कामा नये. थंडी वाजेल म्हणून मोज्यांचे दोन जोड चढवू नका. रक्तप्रवाह अडून पाय उलट अधिकच गारठतात. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, म्हणजे बाइंडिंग, पडताना आपोआप सुटायला हवी. ती वजन, उंची आणि कौशल्य पाहून बसवतात. म्हणूनच वडिलांची स्की मुलाने घालून पाहणे धोक्याचे असते. हेल्मेट लहानथोर सर्वांनीच घालावे.

पहिला तास प्रशिक्षकाकडून थांबायला आणि पडायला शिका. तोल गेलाच तर काठ्या सोडून द्या, हात पुढे टेकू नका आणि कुशीवर पडा. घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठण्याची धडपड करू नका. पाय थकले की 'आता शेवटची एकच फेरी' हा हट्ट सोडा. थकलेले पाय वेळेवर वळत नाहीत.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो, त्यामुळे गॉगल आणि सनस्क्रीन हवेच. बोटे पांढरी पडून बधिर झाली तर ती चोळू नका, शेकोटीवरही धरू नका. आत जाऊन ती कोमट पाण्यात बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगात ऊब यावी म्हणून मद्य घेणेही चुकीचे. त्याने शरीराची उष्णता उलट लवकर निघून जाते.

आखलेला उतार सोडून कोवळ्या बर्फात जाऊ नका. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. ताज्या हिमवृष्टीनंतर स्थानिक सूचना मोडू नयेत.

पडताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि सूज आली, तर त्या पायावर भार देऊ नका आणि मालिशही करून घेऊ नका. पाय न हलवता आधार देऊन बांधा आणि हाडांच्या डॉक्टरांना गाठा. सहलीचा एक दिवस वाया गेला तरी चालेल, पण गुडघा आयुष्यभर साथ देणारा हवा.