आभार कोणाचे आणि कशाबद्दल?

डिसेंबर लागला की आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कॅथॉलिक बायकांची संख्या एकदम कमी होते. वसई भागातल्या बायका तर सांगूनच जातात, "ताई, आता नाताळ झाल्यावर येते. सणासुदीला घरात वाद नको." जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच बायका परत येतात. मधल्या महिन्यात मारहाण थांबलेली नसते, फक्त त्याबद्दल बोलणं थांबलेलं असतं.

मी स्वतः याच समाजातली, म्हणून हे लिहिण्याचं धाडस करते आहे. इतर धर्मांतल्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. चर्चमध्ये जांभळा रंग येतो, दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटते. तिसऱ्या रविवारची गुलाबी, आनंदाची. येणाऱ्या बाळासाठी मन स्वच्छ करायचं, पापनिवेदन करायचं, गरिबाची आठवण ठेवायची आणि मिळालेल्या सगळ्याबद्दल देवाचे आभार मानायचे, अशी ही तयारी. आमच्या मिस्सेला युखरिस्त म्हणतात, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'आभार मानणं' असा आहे.

पण ही आध्यात्मिक तयारी घरातली बाई करते केव्हा? घराची साफसफाई, करंज्या, कलकल, केक, मुलांचे कपडे, पाहुण्यांची सोय, शिवाय रोजची नोकरी किंवा वाडीतलं काम. चिंतनासाठी शांत बसायला वेळ मिळतो तो घरातल्या पुरुषांना. बाई मध्यरात्रीच्या मिस्सेत डुलक्या घेते, आणि त्याबद्दलही तिलाच अपराधी वाटतं.

एका बाईने मला तिच्या पापनिवेदनाची यादी सांगितली. नवऱ्याला उलट बोलले. सासूचा राग आला. मनापासून क्षमा करता आली नाही. त्याच आठवड्यात नवऱ्याने तिचं डोकं दारावर आपटलं होतं. ते अर्थातच तिच्या यादीत नव्हतं, कारण ते तिचं पाप नव्हतं. मला प्रश्न पडला, ते त्याच्या यादीत होतं का? तिने धीर करून शेजारच्या प्रार्थनेच्या बैठकीत विषय काढला, तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईंनी समजावलं, "देवाने घर दिलं, मुलं दिली, कमावता नवरा दिला. आभार मानायला शिक."

माझा आक्षेप आहे तो इथे. कृतज्ञता ही श्रद्धेची फार सुंदर गोष्ट आहे. पण बाईच्या बाबतीत तिचा अर्थ 'जे आहे ते सोस' असा लावला जातो. देवाचं देणं आणि नवऱ्याचे उपकार यांची बेमालूम सरमिसळ केली जाते. मारणारा हात ही देवाची देणगी नव्हे, आणि तिच्याबद्दल आभार मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ज्या मरियेचा आदर्श आम्हाला सांगितला जातो, तिच्याकडे तरी नीट पाहू या. लूकच्या शुभवर्तमानात ती देवदूताला आधी प्रश्न विचारते, मग होकार देते. त्यानंतर ती डोंगराळ भागात एलिझाबेथकडे जाते आणि तिच्याकडे सुमारे तीन महिने राहते. अडचणीतल्या दोन गरोदर बायका एकमेकींचा आधार होतात. तिथे मरिया जे गाणं गाते, ते आभाराचंच आहे. पण आभार कशाबद्दल? सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढल्याबद्दल, दीनांना वर उचलल्याबद्दल, भुकेल्यांना पोटभर दिल्याबद्दल! २१ आणि २२ डिसेंबरच्या मिस्सेत ही भेट आणि हे गाणं वाचलं जातं. आम्ही मात्र मरियेची मान खाली घातलेली मूर्ती तेवढी लक्षात ठेवतो.

मारहाण सोसणं हा धर्म आहे, असं चर्चचा कायदाही सांगत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतलं ११५३ वं कलम जोडीदाराकडून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा देतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात लिहिलं, की अशा वेळी वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं. विवाहपूर्व शिबिरांतून हे किती मुलींना सांगितलं जातं?

आभारच मानायचे तर आधी लढलेल्या बायकांचे मानू या. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसत्या छळावर सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली ही तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. त्यामागे ख्रिस्ती बायकांची अनेक वर्षांची धडपड होती. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तर सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे, आणि तो डिसेंबरातही लागू असतो.

म्हणून या आगमनकाळात काही साध्या गोष्टी व्हाव्यात असं वाटतं. करंज्या तळायला घरातल्या पुरुषांनी बसावं. एका रविवारच्या प्रवचनात फादरांनी घरातल्या मारहाणीला स्पष्ट शब्दांत पाप म्हणावं. शेजारच्या प्रार्थनेच्या बैठकीत कोणी बाई बोलू लागली तर तिला गप्प न करता आपण एलिझाबेथसारखं दार उघडावं.

आणि मैत्रिणींनो, नाताळ होईपर्यंत थांबू नका. केंद्र डिसेंबरातही उघडं असतं.