टाकून देण्याआधी वायर तपासा



आपल्या समाजात गाडीवर पोट असणारी घरे पुष्कळ आहेत. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी टेम्पो, कोणी साहेबांची गाडी. शिकून अमेरिका-कॅनडात पोचलेली मुलेही आता आपल्यात आहेत. तिथेही पगारातून घरी पैसे धाडायचे, म्हणून पुष्कळ जण आधी जुनीच गाडी घेतात आणि मूळचा रेडिओ काढून बाजारातला नवा स्टिरिओ बसवतात. मग दुकानदार म्हणतो, "अँटेना पण नवा लागेल." तो खरोखर लागतो का, एवढेच आज पाहू. भगिनींनीही हे वाचावे. हप्त्याचा हिशोब बहुधा त्यांच्याच हाती असतो.

अमेरिकेत पैसे भरून ऐकायचा सॅटेलाइट रेडिओ आहे. एक्सएम ही सेवा २००१ साली व सिरियस २००२ साली सुरू झाली. २००८ साली दोन्ही एक झाल्या. उपग्रहावरून येत असल्याने शेकडो मैल गाडी चालवली तरी स्टेशन बदलावे लागत नाही. आपल्याकडे वर्ल्डस्पेस ही अशीच सेवा होती. ती ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद पडली आणि लोकांच्या घरातले चांगले संच मुके झाले. वरून येणारेच थांबल्यावर अँटेना धड असून काय उपयोग! अमेरिकेत मात्र सेवा चालू आहे, म्हणून कारखान्यातून गाडीच्या छतावर बसून आलेला अँटेना अजून कामाचा आहे.

मग नवा स्टिरिओ त्याच्याशी का जुळत नाही? पहिली अडचण टोकाची. गाडीच्या वायरीला फाक्रा नावाचे टोक असते. त्याला रंग व अक्षर ठरलेले आहे: सॅटेलाइट रेडिओचे करी रंगाचे, म्हणजे मळकट पिवळे, अक्षर के, रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसचे निळे, अक्षर सी. नव्या स्टिरिओबरोबर घेतलेल्या सॅटेलाइट ट्यूनरला मात्र एसएमबी हे वेगळे, छोटे टोक लागते. दोन्हींना जोडणारी छोटी जोडवायर मिळते. काही गाड्यांत एकाच वायरीतून दोन कामे होतात. तिथे त्या गाडीसाठीचा खास जोड विचारून घ्यावा.

दुसरी गोष्ट विजेची. छतावरच्या या अँटेनात रेडिओची लहर मोठी करणारा लहानसा ॲम्प्लिफायर असतो. त्याला सुमारे ५ व्होल्ट वीज लागते आणि ती ट्यूनरकडून त्याच वायरीतून वर जाते. वेगळी वायर ओढायची नाही. बॅटरीचे १२ व्होल्ट तर कधीच द्यायचे नाहीत, अँटेना जळेल. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. नव्या ट्यूनरचा नंबर वेगळा असतो, म्हणून सेवा त्या नंबरावर बदलून घ्यावी. नाहीतर पैसे जुन्या रेडिओच्या नावे जातील आणि नवा गप्प बसेल.

आपल्याकडे सॅटेलाइट रेडिओ नाही, पण हाच घोटाळा एफएममध्ये होतो. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोसारख्या काही गाड्यांत छतावरच्या एफएम अँटेनालाही ॲम्प्लिफायर असतो. इथे मात्र त्याला १२ व्होल्ट लागतात. नवा स्टिरिओ ते आपणहून देत नाही. त्यासाठी वीज पोचवणारा फाक्रा जोड मिळतो. त्याची वायर स्टिरिओच्या अँटेनासाठीच्या निळ्या वायरीला जोडायची. घाईत ही निळी वायर टेप गुंडाळून तशीच सोडली, तर शहरातली स्टेशने लागतात आणि शहराबाहेर गेल्यावर खरखर सुरू होते. दोष अँटेनाचा नसतो. तो उपाशी असतो.

नवा अँटेना बसवण्यात नुकसान केवळ पैशाचे नाही. छताला नवे भोक पाडले की पावसाळ्यात पाणी गळण्याची भीती. चुंबकाचा अँटेना लावून वायर दाराच्या रबरातून आत घेतली, तर ती रोज चेपत राहते. कारखान्यातला अँटेना जागच्या जागी पक्का असतो. तो तुटला असेल, पाणी शिरून गंजला असेल, तरच बदलावा.

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना हेच शिकवले होते. कोणी सांगितले म्हणून, सांगणारा मोठा दिसतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः तपासा, हिताची ठरली तर स्वीकारा. हा उपदेश विहारात ऐकून विहारातच ठेवायचा नाही. दुकानाच्या काउंटरवरही तो चालतो. दुकानदाराशी भांडण करू नये. "टोक कोणते आहे? अँटेनाला वीज कुठून मिळते?" एवढे दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. उत्तर नीट मिळाले तर तो कारागीर जाणता आहे, त्याला त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

आणि आपल्या ज्या तरुणांनी गाडीच्या वायरिंगचे काम हाती घेतले आहे, त्यांना आमचे सांगणे वेगळे आहे. गिऱ्हाईकाचा चांगला अँटेना फेकायला लावून एकदा पैसे मिळतात. तोच अँटेना चालू करून दिलात, तर ते गिऱ्हाईक पुढच्या कामालाही तुमच्याच दारी येते. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच.

जय भीम!