हृदयरोग्याचें भय

साथ आली कीं घरांत दोन भयें शिरतात. एक सर्वांचें, दुसरें ज्याचें हृदय आधींच दुखावलें आहे त्याचें. पहिल्याविषयीं सारें घर बोलतें; दुसऱ्याविषयीं तो रोगी बहुधा कोणाशींच बोलत नाहीं. या अंकीं आम्ही त्या दुसऱ्या भयाचा विचार करणार आहों.

सन २०२० च्या मार्चमध्यें कोरोनाची साथ फैलावली, तेव्हां हृदयविकार असलेल्यांस तीपासून अधिक धोका आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तें खरेंच होतें. परंतु पुष्कळांनीं त्यावरून रुग्णालयाचीच धास्ती घेतली, आणि छातींत कळ आली तरी उंबरठा ओलांडला नाहीं. इटलींतील ५४ रुग्णालयांची नोंद पाहावी. सन २०१९ च्या मार्चमधील एका आठवड्यांत तेथें हृदयविकाराच्या झटक्याचे ६१८ रोगी आले होते. २०२० सालीं त्याच आठवड्यांत अवघे ३१९ आले. जे आले त्यांतही पुष्कळांनीं विलंब केला होता. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद होणाऱ्या झटक्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४.१ वरून १३.७ वर गेलें.

याचें कारण साधें आहे. वाहिनींत गुठळी अडकली कीं पुढील स्नायूचें रक्त तुटतें व तो मरूं लागतो. पहिल्या कांहीं तासांत वाहिनी मोकळी झाली तर पुष्कळसा स्नायु वांचतो. मेलेला मात्र पूर्ववत् होत नाहीं. म्हणजे मरणाच्या भीतीनें घरीं बसणारा मरणासच वेळ देत असतो.

त्याच सुमारास रक्तदाबाच्या कांहीं औषधांनीं कोरोना बळावतो, अशी आवई उठली. युरोपांतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १३ मार्च २०२० रोजींच तीं औषधें बंद करूं नयेत असें बजावलें. तरीही ऐकीव गोष्टीवर गोळ्या सोडणारे निघालेच.

आतां घरच्या मंडळींस दोन शब्द. वडील माणसें दुखणें लपवितात तें बहुधा मुलांस त्रास नको म्हणून. सासूबाईंस कधीं कधीं छातींत कळ न येतां नुसता दम लागतो, मळमळतें किंवा घाम फुटतो. मधुमेह्यांचेंही असेंच होतें. ‘पित्त झालें असेल’ म्हणून सुंठ चाटवीत बसूं नये. भयानेंही छाती धडधडते, हें खरें. पण हें भय कीं झटका, याचा निवाडा माजघरांत होत नाहीं. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तो क्रमांक घरांतील मुलांसही पाठ असावा.

आणि रोज सकाळीं मृतांचे आंकडे मोठ्यानें वाचण्यापेक्षां आजोबांजवळ घटकाभर बसून ‘आपल्याला भीति वाटते का?’ असें सरळ विचारावें. ज्या घरांत भय बोलून दाखवितां येतें, त्या घरांत छातींतली कळही वेळेवर सांगितली जाते.