दिवाळीनंतरची हजेरी

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची गोडी छाटणी भरात असेल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून पिकअप भरभरून माणसे खाली उतरत असतील. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाची उचल कधीच घेतलेली असेल आणि ती खर्चूनही झाली असेल. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते तो आठवडा आणि हा हंगाम एकच. नाशिक जिल्ह्यात किती मुले खरोखर शिकतात, ते जूनच्या पटावरून कळत नाही. ते दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्याच्या हजेरीवरून कळते.

या विषयावर लिहायला बसले की २०२२ साल आठवते. त्या वर्षी इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली दहा वर्षांची एक मुलगी गेली. आईबापांनी तिला मेंढपाळाकडे कामाला ठेवले होते. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरले, तेव्हा तिच्यासारखी आणखी मुले उघडकीला आली. थोडे पैसे आणि एखादी मेंढी, एवढ्यावर ती वर्षभरासाठी राबायला दिलेली होती. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, मुंबईच्या महामार्गापासून हाकेच्या अंतरावर हे चालले होते.

त्याच वर्षी, त्याच तालुक्यात, ऑक्टोबरमध्ये दरेवाडीची मुले रस्त्यावर उतरली. भाम धरणाने विस्थापित झालेल्या या वस्तीची शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे जायला सांगितले गेले होते. दप्तरे घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, असे सांगत ती जिल्हा परिषदेकडे निघाली. शाळा नसेल तर पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्या मुलांना नेमके ठाऊक होते. एकीकडे मेंढीच्या बदल्यात गेलेली मुलगी आणि दुसरीकडे दप्तराच्या बदल्यात बकरी मागणारी मुले. आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालय ज्या शहरात आहे, त्याच शहराच्या जिल्ह्यातली ही गोष्ट.

आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे वाक्य आपण फार सहज बोलतो. ते मला पटत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी कारण स्वच्छ सांगितले होते: गरिबाच्या घरी गुरे राखायला आणि शेत सांभाळायला मुले लागतात. म्हणून नुसती शाळा काढून भागणार नाही, मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या, असे त्यांचे मागणे होते. आपण काय दिले? दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी १९९२ पासून उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला १ रुपया. मजुरीचे दर कुठल्या कुठे गेले. तो रुपया मात्र तीस वर्षे रुपयाच राहिला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला वेगळी वाट धरली. गुरांमागे गेलेली मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच चरणीच्या रानात नेली. ती कुरणशाळा. पुढे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, त्यांच्यामागेही हाच विचार होता. द्राक्षबागेजवळची शाळा मात्र आपल्या जिल्ह्यात रुजली नाही, आणि याची खंत नाशिककर म्हणून वाटायला हवी.

कांद्याच्या लागणीचे रान पाहा. वाफ्यात पाणी सोडलेले, बाया ओळीने वाकून रोप खोचत मागे सरकतात. रोपांच्या जुड्या बांधावरून वाफ्यात पोचवायच्या, पिण्याचे पाणी आणायचे आणि बाभळीला बांधलेल्या झोळीतले धाकटे रडले की पळत जाऊन झोका द्यायचा, ही कामे दहा-बारा वर्षांच्या मुलीची. तिची मजुरी कुठे लिहिली जात नाही. काम उक्ते असते, एकराचा दर ठरलेला असतो. जितके हात जास्त तितके रान लवकर उरकते, म्हणून पोरीचा हातही मोलाचा ठरतो. रोजंदारी असती तर तिला आणून कुणाचा फायदा झाला नसता. माझ्या मते शाळेची गळती या उक्त्याच्या दरात दडलेली आहे.

मुलगी मोठी झाली की गणित आणखी कठीण होते. पाड्यावरची शाळा चौथीला संपते, फार तर सातवीला. पुढची शाळा एसटीच्या गाडीवर अवलंबून. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत, सायकली आहेत. या योजनांनी अनेक मुलींना दहावीपर्यंत नेले, हे मनापासून मान्य करायला हवे. पण गाडी एकच असते, आणि ती चुकली की तो दिवस बुडतो. २०२१-२२ च्या एसटी संपात कित्येक महिने ती गाडीच आली नाही. घरी बसलेली मुलगी कामाला जुंपली जाते, नाहीतर तिचे लग्न ठरते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल मिळते ती कोयत्यामागे. आईबाप सहा महिने परमुलखात असताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्नही खोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

हंगामी वसतिगृहे हा या स्थलांतरावरचा चांगला उपाय आहे. मूल गावीच राहते, शाळेत जेवते, शिकते. मात्र त्याची मंजुरी उचल वाटली जाण्याआधी यायला हवी. कुटुंबाने गाठोडे बांधल्यावर आलेल्या मंजुरीचा त्या वर्षी काही उपयोग नाही.

आता बागाईतदार वाचकांशी थोडे. २०१० साली औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा तुम्ही हात टेकले नाहीत. कोणत्या प्लॉटवर कोणती फवारणी कधी झाली, याच्या वह्या ठेवायला शिकलात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्लॉट आज ग्रेपनेट या नोंदणी-व्यवस्थेत नोंदलेला असतो. एवढी शिस्त ज्यांनी अंगी बाणवली, त्यांना त्याच वहीत मजुरांच्या टोळीबरोबर आलेल्या मुलांची नावे आणि वये लिहिणे अवघड नाही. उक्ते ठरवतानाच सांगा: चौदाच्या आतले हात बागेत चालणार नाहीत, धाकट्यांना सांभाळायला एका बाईची मजुरी मी वेगळी देतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीचा कायदाही हेच सांगतो. स्वतःच्या घरच्या कामात, शाळेची वेळ सोडून मदत करायची मुभा आहे. दुसऱ्याच्या बागेत ती नाही.

आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना किंवा बाईंना फोन करा. हंगाम मार्चपर्यंत चालतो, तोवर ही मुले त्या शाळेत बसू शकतात. शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला यायचा आहे म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही.