दोरी, आवड आणि संमति

परवां एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत जपानी दोरबंधाचा विषय निघाला. जपानी भाषेंत जिला किन्बाकु व बाहेरच्या जगांत शिबारी म्हणतात, ती ही प्रौढ स्त्रीपुरुषांनीं परस्परांच्या संमतीनें एकमेकांस दोरीनें बांधण्याची कला. "हा शुद्ध रोग आहे," असा निकाल एका पेन्शनर गृहस्थांनीं चहाचा पेला खालीं ठेवण्यापूर्वींच दिला. त्यावर एक तरुण पदवीधर म्हणाला, "रोग नव्हे, कला आहे; पण अधांतरीं टांगून घेतल्याखेरीज तिच्यांत काय अर्थ?" वृद्धांचें मत जितकें चुकीचें तितकेंच तरुणाचें घातक, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम रोगाविषयीं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालच्या आपल्या निदानग्रंथांत वेगळी आवड आणि मनोविकार यांत स्पष्ट भेद केला: आवडीमुळें स्वतःला क्लेश होत असतील किंवा दुसऱ्याची हानि होत असेल, तरच ती विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०१९ सालीं मान्य होऊन २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगांच्या वर्गवारींतूनही, प्रौढांमध्यें संमतीनें चालणारे असे व्यवहार वगळण्यांत आले. तेव्हां वैद्यकाचें नांव घेऊन कोणीं आपली किळस खपवूं नये. किळस येण्याचा हक्क प्रत्येकास आहे. तिला शास्त्र म्हणण्याचा कोणासही नाहीं.

आतां तरुणाकडे वळूं. आम्हां शिकलेल्या लोकांना परीक्षांची अशी कांहीं संवय जडली आहे कीं आवडीच्या गोष्टींतही आम्हांस इयत्ता लागतात. जमिनीवर बसून हात बांधून घेणें म्हणजे मॅट्रिक, आणि आढ्याला टांगून घेणें म्हणजे एम्. ए.! पण आवड अशी वर्गावर्गांनीं वर चढत नसते. एखादीला सतरंजीवर निजून अंगाभोंवतीं तागाच्या दोरीचे चार वेढे पडले कीं मनाची गडबड थांबल्यासारखें वाटतें, आणि तेवढ्यांतच तिचें समाधान असतें. दुसऱ्यास बांधून घेण्यापेक्षां बांधण्यांत रस. तिसऱ्यास कांच हवा, पण हात पाठीमागें नकोत. चौथी एकदां करून पाहते आणि 'हें आपल्यासाठीं नाहीं' असें ठरवून मोकळी होते. आमच्या मतें हीं चारही माणसें सारखींच उत्तीर्ण आहेत. आपल्याला काय रुचतें हें आधीं कोणालाच पुरतें ठाऊक नसतें. तें थोडें करून, थांबून, बोलून, मग पुन्हां थोडें करून कळतें.

टांगण्याच्या बाबतींत घाई तर फारच महाग पडते. बांधलेला मनुष्य टांगला कीं त्याचा सारा भार दोरीच्या मोजक्या पट्ट्यांवर येतो. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारा मज्जातंतु तेथें दबला तर मनगट लुळें पडतें, आणि तें पूर्ववत् होण्यास आठवडे, कधीं महिनेही लागतात. मुंग्या येणें, बधिरपणा, मनगट वर न उचलतां येणें, ह्या खुणा दिसतांच दोरी ताबडतोब सुटली पाहिजे. म्हणून जाणते लोक बोथट टोंकाची कात्री हाताशीं ठेवितात. आपल्याकडील दोरीच्या मल्लखांबावर खेळाडू दोरी स्वतःच्या पकडींत धरितो आणि वाटेल तेव्हां उतरतो. येथें उतरणें दुसऱ्याच्या हातीं असतें. म्हणून येथें 'थांबा' ह्या एका शब्दाला दोरीहून अधिक बळ असावें लागतें.

चित्रें पाहून आपली आवड ठरविणाऱ्यांनीं थोडा इतिहासही ध्यानांत ठेवावा. जपानांत दोरीची ही विद्या एके काळीं कैदी बांधण्याची. होजोजुत्सु हें तिचें नांव. तेथें बांधलेल्याची इच्छा विचारण्याचा प्रश्नच नव्हता. योशितोशी ह्या चित्रकारानें १८८५ सालीं गर्भवती स्त्रीला उलटें टांगल्याचें एक भयंकर चित्र प्रसिद्ध केलें. पुढें इतो सेइऊ (१८८२–१९६१), ज्याला आधुनिक किन्बाकूचा जनक मानतात, त्यानें आपल्या गर्भवती पत्नीला तसेंच उलटें टांगून छायाचित्र घेतलें. चित्रांतली स्त्री श्वास घेत नाहीं, पत्नी घेते. जनकाचें असलें तरी ह्या कृत्याचा कित्ता गिरवावा असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. आज ह्या कलेला सुसंस्कृत म्हणावयाचें असेल, तर तें दोरी बदलली म्हणून नव्हे, विचारण्याची रीत आली म्हणून.

आणि येथेंच पेन्शनर स्नेह्यांना आमचा उलट सवाल आहे. जीं माणसें एकेका गांठीला 'चालेल का?' असें विचारतात तीं तुम्हांस विकृत वाटतात. आणि ज्या घरांत लग्नानंतरच्या तीस वर्षांत पत्नीला तिची इच्छा एकदांही विचारली गेली नाहीं, तें घर मात्र सभ्य! २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंतही, अठरा वर्षांवरील पत्नीशीं पतीनें तिच्या इच्छेविरुद्ध केलेला समागम बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवण्यांत आला. तेथें दोरी दिसत नाहीं, एवढ्यावरून बंधन नाहीं असें कोणीं म्हणावें? र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' काढलें आणि उघड बोलण्यापायीं खटले सोसले. आमचा दिवाणखाना मात्र अद्याप कुजबुजीपलीकडे गेलेला नाहीं.

आम्ही कोणाला दोरी हातीं घ्या असें सांगत नाहीं. आमचें मागणें त्याहून लहान, आणि कदाचित् त्याहून अवघड आहे. आपल्या माणसाला 'तुला काय आवडतें?' हें विचारा, आणि 'नको' असें उत्तर आलें तर तें न रुसतां ऐका. ज्याला इतकें जमत नाहीं त्यानें दोरीला हात लावूं नये. आणि दुसऱ्याच्या आवडीवर निकालही देऊं नये.