जनुकांचा नकाशा आणि पायाची जखम

२०२२ च्या नव्याच्या सणाला आमचा भाचा घरी आला तो एक फॉर्म घेऊनच. चिकाच्या हलव्याची थाळी पुढे ठेवली तर ती बाजूला सारून म्हणाला, "मावशी, आधी ह्यावर सही कर. थोडेसे रक्त द्यायचे, बस्स. सरकार एक लाख लोकांची जनुके वाचायला निघाले आहे. आपल्या बेने इस्राएलांची गणती त्यात व्हायला हवी की नको?" मुलगा तेल अवीवला संगणकाच्या कंपनीत आहे, हुशार आहे, आणि आपल्या माणसांविषयी त्याला कळकळ आहे. तरीही त्या दिवशी आम्ही त्याच्याशी तासभर भांडलो. हे भांडण घरातच ठेवण्याजोगे नाही असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम प्रकरण काय ते सांगतो. मार्च २०१८ मध्ये इस्राएल सरकारने आरोग्याच्या संगणकी योजनेसाठी सुमारे एक अब्ज शेकेल मंजूर केले. त्यातला एक मोठा भाग 'पसीफास' ह्या कार्यक्रमाचा. पसीफास म्हणजे रंगीत तुकड्यांची जोडून केलेली नक्षी. एक लाख स्वयंसेवकांची जनुके वाचायची, ती त्यांच्या कुपात खोलीमच्या कागदपत्रांशी जोडायची, आणि कोणाला कोणता रोग होणार, कोणते औषध लागू पडणार हे आधीच ओळखायचे, असा हेतू. अमेरिकेत अध्यक्ष ओबामांनी २०१५ साली अशाच योजनेची घोषणा केली होती, तिथे दहा लाख माणसांचे लक्ष्य होते. इस्राएलला ह्यात हौस अधिक, कारण आपल्या चारही कुपात खोलीमकडे जवळजवळ प्रत्येक नागरिकाची वर्षानुवर्षांची नोंद संगणकात पडून आहे.

ह्या विद्येला आम्ही थोतांड म्हणत नाही. आम्ही नर्स म्हणून उभे आयुष्य वॉर्डात आणि दवाखान्यात काढले. फिट्सच्या साध्या गोळीने अंगाची कातडी सोलून निघालेला रोगी आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. कार्बामाझेपीन हे ते औषध. विशिष्ट जनुक असणाऱ्या आशियाई माणसांना त्यापासून धोका आहे आणि आधी रक्त तपासता येते, हे २००७ पासून अमेरिकेत त्या औषधाच्या माहितीपत्रकात छापले जाऊ लागले. स्तनाच्या कॅन्सरच्या एका जातीवर १९९८ साली आलेल्या हर्सेप्टिनने किती बायकांना नातवंडे दाखवली! हे सर्व खरे आहे, आणि ते आणणाऱ्या शास्त्रज्ञांना आमचा नमस्कार.

आमचे भांडण आहे ते पैशाच्या वाटणीशी, आणि त्या वाटणीच्या मुळाशी जी समजूत आहे तिच्याशी. रोग रक्तातून येतो, ही ती समजूत. सरकारी कचेरीत ती मोठ्या शब्दांत बोलली जाते आणि आपल्या लग्नसमारंभांत लहान शब्दांत. "आपल्या लोकांच्या रक्तातच साखर आहे हो," असे म्हणत आपली मंडळी पेढ्यावर आणखी एक पेढा घेतात. ऐकून ऐकून आमचे कान किटले.

रक्तातच असती तर येमेनी बांधवांचे काय? १९४९-५० मध्ये विमानांतून येमेनमधले जवळजवळ सगळे यहुदी इथे आले. यरुशलेमचे डॉ. अहारोन कोहेन ह्यांनी त्यांची तपासणी केली. नव्याने आलेल्यांत मधुमेह जवळजवळ आढळलाच नाही. पण त्याच येमेनमधून पंचवीस किंवा अधिक वर्षे आधी येऊन इथे स्थायिक झालेल्यांत तो इतर यहुद्यांच्या बरोबरीने निघाला. हे काम १९६१ साली प्रसिद्ध झाले. गाव तेच, कुळी त्याच, आणि जनुके पंचवीस वर्षांत बदलत नसतात. बदलले होते ते ताट. डॉ. कोहेन ह्यांनी बोट ठेवले साखरेवर, जी येमेनमध्ये त्या लोकांना फारशी ठाऊकच नव्हती. म्हणजे ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ह्याच देशात, साठ वर्षांपूर्वी, एकही जनुक न वाचता मिळाले होते.

उरलेल्या निम्म्यासाठी पुण्याला जाऊ. तिथल्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची मुले ह्यांचा अभ्यास चालवला. त्यांना दिसले की आपल्याकडची बाळे वजनाने कमी, हातापायांनी काटक्या, पण चरबी मात्र राखून जन्मतात. ह्याच डॉक्टरांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट ह्या विलायती साप्ताहिकात आला होता. शेजारी एक इंग्रज डॉक्टर. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण चरबी इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडसडीत, आत लोणी. आमच्या दवाखान्यात हेच होई. तरुण डॉक्टर आपल्या बारीक माणसाकडे बघून म्हणे, ह्याला कशाला साखर तपासायची? आणि आम्ही मागून खुणा करीत असू, तपासा, तपासा, हा रायगडकडचा आहे.

आता कोणी म्हणेल की हाच तर जनुकांचा पुरावा. असेल काही अंशी. पण याज्ञिकांचा रोख आहे आईच्या पोटापाण्यावर: गरोदरपणी तिने काय खाल्ले, बी-१२ मिळाले का, शेतात किती राबली. आमच्या आया-आज्यांनी काय खाल्ले होते हे आम्हाला माहीत आहे, कारण शेवटचे जेवण त्यांचे असायचे.

मग ती आई इकडे आली. अलिया करून वाळवंटातल्या नव्या गावात राहिली. मिळाली तर कापड गिरणीत पाळी, आठवडाभर दिवसाची तर आठवडाभर रात्रीची. चालणे थांबले, कारण उन्हात चालायचे कुठे? घरात गोड पेयाच्या मोठ्या बाटल्या आल्या, त्या पाण्याहून आवडत्या झाल्या. भात तोच, नारळाचे दूध तेच, काम मात्र बसून. हे सर्व कोणत्या जनुकात लिहिलेले आहे ते आम्हाला कोणी दाखवावे.

आणि पाय. आमच्या मते ह्या विषयाचे खरे ठिकाण पाय आहे. ओईसीडी देशांच्या तुलनेत मधुमेहामुळे पाय कापावा लागण्याचे प्रमाण इस्राएलमध्ये फार वरचे नोंदले गेले आहे. ज्या देशाला आपल्या वैद्यकीचा एवढा अभिमान, त्या देशात! पाय वाचवायला काय लागते? रोग्याने मोजे काढावे लागतात. नर्सने बोटांच्या बेचक्यांत बघावे लागते, नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून "लागला का?" असे विचारावे लागते. पाच-सात मिनिटांचे काम. पण ती पाच मिनिटे नसतात. इस्राएलमध्ये दर हजार माणसांमागे पाचच्या आसपास नर्सेस आहेत, ओईसीडीची सरासरी नऊच्या आसपास आहे. ह्या चार नर्सेस कुठे गेल्या असे आम्ही विचारतो, तेव्हा पैसे नाहीत असे उत्तर येते. एक अब्ज शेकेल मंजूर करणाऱ्यांचे हे उत्तर आहे.

दक्षिणेकडच्या एका दवाखान्यात आम्ही काम करीत असताना आपले एक वयस्क गृहस्थ येत, त्यांना सर्व जण दादा म्हणत. हिब्रू बोलण्यापुरते येई, वाचता येत नसे. मराठी मात्र मोत्यासारख्या अक्षरात लिहीत. त्यांना नवे, महागाचे औषध सुरू झाले होते. चिठ्ठी हिब्रूत. दिवसातून एकदा घ्यायचे ते दादांनी दोन वेळा घेतले, आणि दुसरे जे दोन वेळा घ्यायचे ते सोडून दिले. साखर कधी पाताळात, कधी आकाशात. डॉक्टर म्हणाले, ह्यांच्या शरीराला औषध मानवत नाही. आम्ही डब्यांवर मराठीत लिहून दिले, "सकाळी एक", "सकाळी एक, रात्री एक". महिन्याभरात साखर जागेवर आली. पण तोवर अंगठ्याची जखम काळी पडली होती. अंगठा गेला, मग अर्धे पाऊल. दादांची जनुके कोणी वाचली असती तर बहुधा उत्तमच निघाली असती. वाचायला हवी होती ती त्यांच्या डब्यावरची चिठ्ठी.

आता सरकारचे दुसरे काम पाहा. जानेवारी २०२२ मध्ये गोड पेयांवर कर बसला. त्याला खर्च नव्हता, उलट तिजोरीत भर पडत होती. २०२३ च्या आरंभी नव्या सरकारने तो काढून टाकला. गरिबांवर बोजा पडतो, मोठ्या कुटुंबांवर अन्याय होतो, असे कारण दिले. गरिबांचा एवढा कळवळा होता तर त्या कराचा पैसा गरीब गावांतल्या दवाखान्यांना देता आला असता. पण पाय कापलेल्या गरिबाचा बोजा कोणावर पडतो हे त्या चर्चेत कोणी मोजलेले आमच्या कानी आले नाही. एका हाताने मधुमेहाचे जनुक शोधायला पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने बाटली स्वस्त करायची, ह्याला काय म्हणावे?

भाच्याने इथे आम्हाला अडवले. म्हणाला, "मावशी, तू दोन वेगळ्या खात्यांचे पैसे एकत्र करतेस. संशोधनाचा पैसा नर्सच्या पगारात जात नाही." असेल बाबा. पण खाती माणसांनीच पाडली आहेत. राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा १९९५ साली अमलात आला, तेव्हा दात शरीराबाहेर ठेवले गेले. मुलांचे दात त्यात यायला २०१० उजाडले आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचे यायला २०१९. दात नसलेला म्हातारा भाजी-डाळ सोडून पाव आणि बिस्किटावर येतो, हे कळायला चोवीस वर्षे लागली. एक अब्जाच्या योजनेला मात्र एकच बैठक पुरली. घाई कशाची आणि विलंब कशाला, ह्यावरून खाते पाडणाऱ्याचे मन कळते.

आपल्या समाजाला ह्या फॉर्मची भुरळ का पडते हेही आम्ही जाणतो. एके काळी ह्याच देशात आपल्या लग्नांआधी आईकडची कुळी खोदून विचारत. १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचे जाहीर केले, त्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी यरुशलेमच्या रस्त्यावर धरणे धरले होते. मग २०१६ साली शास्त्रज्ञांनी बेने इस्राएलांची जनुके तपासून सांगितले की ह्यांच्यात यहुदी वारसाही आहे आणि भारतीयही. किती घरांत ते कात्रण जपून ठेवले आहे! आम्हीही ठेवले आहे. पण मान मिळणे वेगळे आणि उपचार मिळणे वेगळे. दिमोनाच्या माणसाला छातीत कळ आली तर अजून बेएर शेवाच्या सोरोकाला न्यावे लागते. अश्दोदसारख्या मोठ्या शहरालाही स्वतःचे हॉस्पिटल २०१७ पर्यंत नव्हते. जून २०२५ मध्ये सोरोकावर क्षेपणास्त्र पडले, तेव्हा अख्खा नेगेव एका इमारतीवर किती टेकून होता ते साऱ्यांनी पाहिले.

भाच्याचा एक मुद्दा मात्र आम्ही मान्य केला. जगातले जनुकांचे बहुतेक अभ्यास युरोपियन वंशाच्या माणसांवर झाले आहेत, त्यामुळे त्यांवरून काढलेली भाकिते आपल्यासारख्यांना नीट लागू पडत नाहीत. आपण बाहेर राहिलो तर उद्याची औषधेही दुसऱ्यांच्याच मापाची शिवली जातील. म्हणून आम्ही सही केली. त्या फॉर्मबरोबर आम्ही दुसरा कागद जोडला, मराठीत आणि हिब्रूत: मधुमेहाच्या प्रत्येक रोग्याचे पाय वर्षातून एकदा तरी नर्सने तपासावे, त्यासाठी जागा भराव्या, वृद्धांना औषधाची चिठ्ठी त्यांना वाचता येईल त्या भाषेत मिळावी, गोड पेयांवर कर बसतो आहे तो दक्षिणेतल्या दवाखान्यांवर खर्च व्हावा. चार महिन्यांत तो करच जाणार होता हे तेव्हा कोणाला माहीत! फॉर्म घेणाऱ्या मुलीने दुसरा कागद परत दिला, त्याला तिच्याकडे रकाना नव्हता. तो कागद आम्ही आरोग्य मंत्रालयाला आणि आमच्या नगरपालिकेला पाठवला. आपणही पाठवावा. पत्रावर तीस सह्या असल्या तर उत्तर येते, एक असली तर येत नाही, हा आमचा नोकरीतला अनुभव.

सणाच्या त्या दिवशी जेवणे झाल्यावर आम्ही भाच्याच्या आईला, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला, मोजे काढायला सांगितले. ती म्हणाली, "अगं, आज सणाचे काय हे!" बारा वर्षे साखर आहे तिला. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये भेग पडली होती, कडा पांढऱ्या, आत ओले. तिला त्याचा पत्ताच नव्हता. भाचा हातातला फोन बाजूला ठेवून खाली बसला आणि आम्ही त्याला बॅटरी धरायला सांगितली.